अंगात येते म्हणजे काय येते?

गेल्या चैत्रापासून आमच्या गल्लीत दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी एका घरापुढे चपलांची रांग दिसू लागली. आम्ही ऑफिसातून सहा-साडेसहाला परततो. पहिल्यांदा वाटले, कुणाचे साक्षगंध असेल. पण साक्षगंध काही आठवड्यातून दोनदा होत नाही. मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने सांगितले, "भाऊ, मंगळवारी दुपारीच माही लिंबं संपून जातेत." तेव्हा आमच्या लक्षात आले.

घर ओळखीचे. त्या घरातली मुलगी अकरावीत होती तेव्हा तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज आम्हीच भरून दिला होता. बारावीला ६८ टक्के मिळवले तेव्हा तिच्या आईने आम्हाला पेढे आणून दिले होते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झाले, उमरेडकडे दिली, आणि दीड वर्षात माहेरी परत आली. आज तिचे वय २३. तिच्या अंगात देवी येते. कुणाचे हरवलेले मंगळसूत्र, कुणाच्या लेकराचा ताप, कुणाच्या पोरीचे न जुळणारे लग्न, सगळ्यांची उत्तरे ती देते. घरात भिंतीवर भगवान बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहेच. त्याच भिंतीखाली आता एक पाट मांडला आहे.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर विषय निघालाच. तरुण मुले तापली होती. कायदा आहे ना, मग पोलिसात द्या, असे त्यांचे म्हणणे. एक सेवानिवृत्त गुरुजी उभे राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि याच नागपुरात आपल्या वस्तीत देवीचा दरबार भरतो, हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. गुरुजींचे खरे होते. मुलांचेही काही खोटे नव्हते. आम्ही एवढेच विचारले, की त्या मुलीशी कुणी बोलले आहे काय? देवीशी नव्हे, मुलीशी. चाळीसेक माणसे बसली होती. कुणीच बोलले नव्हते. आम्हीसुद्धा नाही.

पुढचे सांगण्याआधी वाचकांना थोडे दूरच्या मुलखात नेतो, कारण तिथली एक गोष्ट त्या दिवशी आमच्या डोक्यात घोळत होती.

आमच्या कर्मचारी संघटनेतल्या एका मित्रांना देशोदेशीच्या कामगार खटल्यांचे निकाल वाचण्याचा नाद आहे. त्यांनी एकदा दक्षिण आफ्रिकेतला एक खटला सांगितला. प्रिटोरियाच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईने २००७ साली महिनाभराची बिनपगारी रजा मागितली. कारण काय, तर तिला 'सांगोमा' होण्याचे शिक्षण पुरे करायचे होते. सांगोमा म्हणजे तिकडची पारंपरिक उपचार करणारी, पूर्वजांचे म्हणणे सांगणारी व्यक्ती. व्यवस्थापनाने एका आठवड्याची रजा देऊ केली. बाईने पारंपरिक वैद्याचे प्रमाणपत्र जोडले, ते कुणी मानले नाही. बाई गेली ती गेलीच, आणि परतल्यावर नोकरीवरून काढली गेली. खटला एकेक पायरी वर चढत गेला. नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने बाईच्या बाजूने निकाल दिला. पूर्वज खरेच बोलावतात की नाही हे कोर्टाने ठरवायचे नाही, बाईचा विश्वास प्रामाणिक होता, हाक ऐकली नाही तर आपण आजारी पडू असे तिला खरोखर वाटत होते, असा त्या निकालाचा आशय.

रजेचे अर्ज इनवर्ड करण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले आहे. आजोबा स्वप्नात आले म्हणून महिनाभर रजा, असा अर्ज आमच्या टेबलावर आला असता तर साहेबांनी लाल शाईने काय शेरा मारला असता, या कल्पनेने आम्ही तेव्हा खूप हसलो होतो.

तिकडची रीत मात्र ऐकण्यासारखी आहे. झुलू, खोसा अशा समाजांत एखादी तरुण मुलगी आजारी पडू लागते. अंग दुखते, झोप उडते, विचित्र स्वप्ने पडतात, कारण नसताना रडू येते. दवाखान्यात गुण येत नाही. मग म्हातारी माणसे सांगतात, की पूर्वज बोलावत आहेत, हिने सांगोमा झाले पाहिजे. ती एका जुन्या जाणत्या सांगोमाच्या घरी जाऊन राहते. तिथे काही महिने, कधी काही वर्षे, झाडपाला ओळखणे, हाडे टाकून कौल पाहणे, ढोलावरचा नाच, गुरूची सेवा, हे सगळे शिकते. शेवटी बकरा कापतात, गाव जमते आणि तिला मान्यता मिळते. शहरात ऑफिसात काम करणाऱ्या, कॉलेज शिकलेल्या मुलीही आज या वाटेने जातात. गोऱ्यांच्या राजवटीत १९५७ च्या कायद्याने या विद्येला चेटूक ठरवून गुन्ह्यात घातले होते. लोकशाही आल्यावर २००७ मध्ये पारंपरिक उपचार करणाऱ्यांची परिषद आणि नोंदणी यांसाठी कायदा झाला. तेव्हा सुशिक्षित काळी मुलगी गळ्यात मणी घालते तेव्हा तिला त्यात आपल्या माणसांचा मान परत मिळाल्यासारखा वाटतो. फसवणारे गुरू तिथेही आहेत. फी भरता भरता घरे कर्जात जातात आणि दवाखान्याची वेळ टळून जाते, तेही होते.

आमचा इतिहास नेमका उलटा आहे, हे विसरून चालणार नाही. आमच्या देवांना कुणी बंदी घातली नव्हती. पोतराज, मुरळी, जोगतीण, आराधी ही कामे आमच्या अंगावर टाकलेली होती. जून १९३६ मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, पोतराज, आराधी मंडळींची सभा भरली होती, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना हे जिणे सोडण्याचे निक्षून सांगितले. आम्ही ते ओझे टाकले तेव्हा आम्हाला मान मिळाला. तिकडच्या भगिनींचा मणी आणि इकडच्या मुलीचा पाट एका मापाने मोजता येत नाही.

तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. सुरुवात आजारपणापासून होते आणि आजारपणाचा अर्थ दुसरे लोक लावतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे मुलीच्या केसात गुंता झाला, तेल-फणी न मिळाल्याने त्याची जट झाली, की यल्लम्माचे बोलावणे आले म्हणत. पुढे ती पोर सौंदत्तीला नेऊन देवीला सोडली जाई आणि मग जोगतीण म्हणून लोक तिच्या पाया पडत, तिलाच गाऱ्हाणी सांगत. देवदासी सोडण्याविरुद्ध महाराष्ट्राने २००५ चा कायदा केला. तरी डोक्यावर जटेचे ओझे घेऊन फिरणाऱ्या बाया संपल्या नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायांच्या जटा कापून दिल्या आहेत. कात्रीआधी त्यांना तासन् तास त्या बायांशी आणि घरच्यांशी बोलावे लागते.

आमच्या आजीच्या अंगात येत असे. ५६ च्या आधीची गोष्ट. मातामायच्या देवळापुढे डहाका वाजू लागला की आजी घुमायची, आणि एरवी तिला ओळख न देणारे मालगुजाराच्या घरचे लोकही लांबून हात जोडायचे. १९५६ ला ती पांढरे लुगडे नेसून दीक्षाभूमीवर गेली. परत आल्यावर घरातले टाक, परडी, सगळे नदीत सोडले. त्यानंतर तिच्या अंगात कधी आले नाही. आम्ही लहानपणी तिला विचारले होते, "आजी, मग देवी गेली कोठी?" आजी सुपात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आता तिले येवाले टाइम कोठी हाये रे? सांजेले वर्ग रायते, इतवारी मंडळ रायते." वस्तीत सुईणपण मात्र तिने शेवटपर्यंत केले. तिच्या हातावर जन्मलेली माणसे आजही आम्हाला बाजारात भेटतात.

तर, आम्ही त्या मुलीकडे गेलो. बुधवारी गेलो, मुद्दाम. आमच्या सहचारिणी सोबत होत्या. पाच मिनिटांत आमच्या ध्यानात आले, की आम्ही तिथे असेपर्यंत काही बोलणे होणार नाही. आम्ही बाहेर ओट्यावर तिच्या बापाशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत बसलो. आत दोन तास गेले.

तिने जे सांगितले ते तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके बदलून, येथे देतो. नवरा दारू पिऊन मारायचा. तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. पडला म्हणजे मारामुळे पडला. माहेरी आली तर भावांनी चार दिवस ठेवून घेतले आणि पाचव्या दिवशी परत पाठवण्याची बोलणी सुरू केली. ती म्हणत होती, मी जाणार नाही. कुणी ऐकत नव्हते. आई ऐकत होती, पण आईचे तरी कोण ऐकते? त्या रात्री सगळे बसलेले असताना तिचे अंग थरथरू लागले, डोळे फिरले आणि भलत्याच आवाजात ती बोलली, की हिला त्या घरी पाठवाल तर या घरात दिवा लागणार नाही. सगळे पाया पडले. पाठवणीची भाषा बंद झाली.

"काकू, मी नाटक नाही केलं," ती म्हणाली. "पण देवी होती का, ते पण मला नाही माहीत. मला फक्त त्या घरी जायचं नव्हतं."

मग शेजारची एक आत्या आपला प्रश्न घेऊन आली. मग आत्याची नणंद आली. थोरल्या भावाने एक स्टीलचा डबा ठेवला. जो भाऊ तिला परत पाठवायला निघाला होता तोच आता मंगळवारी तिला उपवास घडवतो, आणि रात्री डबा मोजतो. दरबाराच्या दुसऱ्या दिवशी तिचे अंग ठेचल्यासारखे दुखते. झोप नाही. ज्या दिवशी अंगात येत नाही त्या दिवशी लोक रागावतात, म्हणून ती आणते. कोणते आपोआप आले आणि कोणते आणले, हे आता तिचे तिलाच कळेनासे झाले आहे. तिकडच्या मुलीला निदान गुरू असतो, सोबतच्या शिकणाऱ्या मुली असतात, शिक्षणाला शेवट असतो. ही एका रात्रीत देवी झाली, आणि देवीला सुट्टी नसते.

एक गोष्ट मात्र तिने सर्वांत शेवटी, हळू आवाजात सांगितली. त्याआधीच्या शुक्रवारी एक बाई सहा दिवस तापलेले पोर घेऊन आली होती. लोकांनी विचारले, "कोणी केलं हे, नाव सांग." वस्तीच्या टोकाला एक विधवा म्हातारी राहते, एकटी, तोंडाने फटकळ. तिचे नाव मुलीच्या ओठांवर आले होते. लोकांना तेच हवे आहे, हे तिला दिसत होते. ती बेशुद्ध पडल्यासारखी पडून राहिली, म्हणून नाव गेले नाही.

हे ऐकून आमच्या अंगावर काटा आला. वाचकांना चंद्रपूर जिल्ह्यातले जिवती तालुक्यातले वणी खुर्द आठवत असेल. ऑगस्ट २०२१ मध्ये तेथे भानामती करतात या संशयावरून सात जणांना चौकात बांधून मारले. मार खाणारे आपल्याच दलित कुटुंबांतले होते, त्यांत म्हाताऱ्या बाया होत्या. गावातल्या काही बायांच्या अंगात आले आणि त्यातून ही नावे निघाली, असे त्या वेळच्या बातम्यांत होते. ज्यांच्या तोंडून नावे निघाली त्या कोण होत्या, त्यांना घरी कोण काय विचारत होते, कुणास ठाऊक.

त्या तापाच्या पोराला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पाठवले. टायफॉइड निघाला. वाचले.

मग आम्ही थोरल्या भावाला विहारात बोलावले आणि कायदा वाचून दाखवला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश आणि मग डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या नागपूरच्या अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत कोर्टाने त्या बाईची नोकरी वाचवली, त्यानंतर महिनाही उलटला नव्हता. कायद्यात नुसते अंगात येणे हा गुन्हा नाही, हे आमच्या तरुण मित्रांनीही नीट वाचून घ्यावे. अंगात शक्ती संचारली आहे असे भासवून लोकांना भीती घालणे, ऐकले नाही तर वाईट होईल असे धमकावणे, अमका करणी करतो असे सांगून त्याचा छळ होऊ देणे, साप-कुत्रा-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखणे, हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. आणि साथ देणाराही सुटत नाही. डब्याचा मालक कोण, हे आम्ही त्याला विचारले. तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. डबा त्या आठवड्यात उचलला गेला.

मुलीविरुद्ध तक्रार द्यायची नाही, असे विहार समितीत ठरले. दोघांचा विरोध होता. तो नोंदवून घेतला.

तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेताना जास्त वेळ लागला. आपल्या नागपूरला 'पागलखाना' या शब्दाची धास्ती फार. आई म्हणाली, "पोरीवर शिक्का बसन." गंमत अशी, की ज्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर हीच आई दरसाल चादर चढवते, ते बाबा कितीतरी वर्षे इंग्रजांच्या त्याच पागलखान्यात होते. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून आपल्या वाड्यात नेले. पुरुष होते, राजा भेटला. हे आम्ही तिच्या आईला म्हटले नाही, मनातच ठेवले.

डॉक्टर बाई समजूतदार निघाल्या. हे ढोंग नाही, वेडही नाही, असे त्यांनी आधी सांगितले. फार ताण झाला, बोलायला जागा राहिली नाही, की मन असे वेगळे होऊन बोलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, अंगात येण्याच्या विकाराला स्वतंत्र नाव आहे. पण एखाद्या समाजाच्या रीतीत बसणारे, माणसाला त्रास न देणारे अंगात येणे त्या यादीत आजार म्हणून धरत नाहीत. हिला त्रास होता, म्हणून उपचार. झोपेची थोडी गोळी आणि दर पंधरवड्याला बोलणे, एवढेच. ज्यांना लगेच दवाखाना गाठता येत नाही त्यांनी १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर लावावा, फोन फुकट आहे. नवऱ्याच्या मारहाणीबाबत २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला आहे.

राहिला पोटाचा प्रश्न, आणि त्याहून अवघड असा मानाचा प्रश्न. २३ वर्षांच्या पोरीला गल्लीने वाकून नमस्कार केलेला आहे. तो काढून घेऊन तिच्या हातात झाडू दिला तर देवी परत येणारच, आम्ही लिहून देतो. आमच्या सहचारिणींचे निरीक्षण असे, की ती दरबारात प्रश्न फार छान विचारते. किती दिवस झाले, जेवण जाते का, घरात कोण कोण आहे. बायांना अर्धे बरे त्यानेच वाटते. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अशाच साध्या खेड्यातल्या बायांना आरोग्यदूत केले, नवजात बाळ तपासायला, न्यूमोनिया ओळखायला, इंजेक्शन द्यायला शिकवले. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी कमी झाले, असे त्यांनी १९९९ मध्ये जगापुढे मांडले. हे ऐकून ती पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हणाली, "काका, नर्सिंगला बारावी चालते का?"

चालते. एएनएमचा दोन वर्षांचा कोर्स आहे. अर्ज आम्ही आणला. जातीचा दाखला, अधिवास, आधार, सगळे जमवले. भाजीवाल्याची लिंबे अजून मंगळवारी थोडी जास्त खपतात, कारण काटोलकडून दोघी-तिघी बाया अजून येतातच. मागच्या मंगळवारी तिने त्यांना चहा पाजला, ऐकून घेतले आणि एकीला साखर तपासायला पाठवले. पुढच्या मंगळवारचे आम्ही सांगू शकत नाही.

अडचण एकच उरली आहे. बारावीची मूळ गुणपत्रिका आणि टी.सी. सासरी, तिच्या लोखंडी पेटीत आहेत. पेटीची किल्ली तिच्याकडे आहे, पेटी त्यांच्याकडे. अर्जाची मुदत महिनाअखेर. रविवारी सकाळी साडेसातच्या बसने आम्ही, आमच्या सहचारिणी आणि महिला मंडळाच्या दोघी जणी उमरेडला निघालो आहोत. मुलगीही येते म्हणते. पेटी तिच्याच हाताने उघडायची, असा तिचा हट्ट आहे.